ताटावर आडवे हात

मी वाढायचा चमचा बोलतोय. हसू नका, रायपूरची दोन हॉटेलं पाहून झालीत माझी, चार गोष्टी मलाही कळतात.

आधी एका मलेशियन हॉटेलात होतो. तिथं वेटर स्वतः वाढायचा. शेंगदाण्याच्या चटणीत मला बुडवायच्या आधी विचारायचा, "मूंगफली से परहेज़ तो नहीं, दीदी?" मला वैताग यायचा, किती त्या चौकशा! ते हॉटेल बंद पडलं आणि भांड्यांसोबत मी या थाई हॉटेलात आलो. इथली तऱ्हा न्यारी. पदार्थ टेबलाच्या मधोमध ठेवायचे, मला त्यात खोचायचं नि वेटरनं निघून जायचं. मला हे घरच्यासारखं वाटलं, फार आवडलं.

गेल्या रविवारी इथल्याच गुढियारी मोहल्ल्यातल्या कांताबाई आल्या. सोबत मुलगा इंद्रजीत आणि त्यानं पसंत केलेली पूर्णिमा. लग्नाचं बोलायचं होतं. पूर्णिमानं वेटरला हळूच सांगितलं, "मेरी करी में मूंगफली बिल्कुल नहीं." इंद्रजीतला ते ठाऊक होतं. पण होणाऱ्या सुनेला दुखणं आहे म्हटलं तर आई बिथरेल, म्हणून पठ्ठ्या घरी गप्पच राहिला होता.

कांताबाईंनी मला नूडल्समधून उचललं. माझ्या अंगभर दाण्याचं कूट.

"घे वं पोरी."

"नको, आई."

"लाजून राहिली का? घे!"

"नको. खरंच नको."

पूर्णिमानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. झालं! आपल्या पंगतीत हात आडवा आला की वाढणाऱ्याला चेवच चढतो. कांताबाईंनी हसत तिचे हात सारले आणि मला तिच्या करीवर उपडं केलं. "एवढं तरी माझ्यासाठी!"

माझा जीव टांगणीला लागला. अरे इंद्रजीत, बोल की बाबा! तो आपला पाणी पीत बसला. पूर्णिमानं त्याच्याकडं पाहिलं. सासूबाईंचं मन मोडू नये म्हणून घास उचलला, थेट ओठांपाशी नेला. मग तिनं तो खाली ठेवला.

"आई, मले शेंगदाणे चालत नाहीत. गळा सुजते, दम बंद होते. मागं दवाखान्यात भरती केलं होतं."

कांताबाईंचा चेहरा उतरला. "मंग काहून नाही सांगितलं?"

"नको म्हणून राहिली होती नं, आई."

"अवं, नको तर सगळेच म्हणतात!"

बोलल्या, अन् स्वतःच थबकल्या. मुलाकडं वळल्या. "तुले माहीत होतं?"

इंद्रजीतनं मान खाली घातली. कांताबाईंनी ते ताट स्वतःपुढं ओढलं. "भैया, नई प्लेट लाओ. और ये चम्मच हटाओ यहाँ से." मग मुलाला म्हणाल्या, "ऊठ, हात धू. आता तिले तू वाढ. इचारून."

आता मी मोरीत साबणाच्या पाण्यात पडलोय. त्या चौकस वेटरची फार आठवण येते. आग्रह करा बाबांनो, पण समोर हात आडवा आला, तर एकदा मला खाली ठेवा.