सखुबाईंच्या डोक्यावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. दुकानाची नाही, रिक्षा स्टँडची नाही. 'येथे गाडी लावू नये' हीसुद्धा मी नव्हे. तिच्याखाली निदान लोक गाड्या तरी लावतात. मी एका ऑनलाइन ज्ञानकोशात राहते. तिथे जगातल्या सगळ्या गोष्टींवर लेख असतात, आणि अगदीच सगळ्या गोष्टींवर असू नयेत म्हणून मी असते.

माझ्यावर दोन ओळी आहेत. 'या लेखाचा विषय ज्ञानकोशात घेण्याइतका उल्लेखनीय नसावा, अशी शंका आहे. सात दिवसांत विश्वासार्ह छापील संदर्भ न दिल्यास लेख काढून टाकला जाईल.' शेजारी एक उद्गारचिन्ह. बस, एवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म बारा वर्षांपूर्वी ठाण्यात, एका बँकेत, जेवणाच्या सुट्टीत झाला. ज्यांनी मला बनवलं ते गृहस्थ एका हाताने पोळी-भाजी खात होते आणि दुसऱ्या हाताने मला. म्हणजे मला बनवत होते. त्यांना मी गंभीर, करड्या रंगाची हवी होते. रंगाचा आकडा चुकला आणि मी हळदीसारखी पिवळी, वर लाल काठाची झाले. "असू दे, लांबून दिसेल," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. या रंगाने पुढे माझी मान कायमची खाली जाणार होती, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

माझी एक गंमत सांगते. ज्या लेखाच्या डोक्यावर मला लावतात तो लेख जिथे जिथे उघडेल तिथे तिथे मी असते, आणि पडद्यातून मला बाहेरचं दिसतं, ऐकूही येतं. लोकांना वाटतं, आपण पाटी वाचतोय. पाटीही त्यांचं तोंड वाचत असते.

मी खूप काम केलं. एका तरुणाने स्वतःवरच लेख लिहिला होता, 'थोर विचारवंत, वय बावीस'. संदर्भ म्हणून वाढदिवसाच्या बॅनरचा फोटो. मी लागले, तो गेला. कल्याणच्या एका जिममालकाने स्वतःच्या दंडावर वेगळा लेख केला होता. फक्त डाव्या. मी लागले, दंड गेला. एका गृहसंकुलाचा लेख 'निसर्गाच्या कुशीत' असा सुरू व्हायचा आणि फोटोत मागे धुराडं होतं. तिथेही मीच. 'पाटी योग्य लागली आहे,' असं लोक चर्चापानावर लिहीत. मी फुगले. चौकट असल्यामुळे फुगता येत नाही, तरी फुगले.

कधी हरलेही. 'तुफान' नावाच्या शर्यतीच्या बैलावर लेख आला. मी लागले, आणि दोन तासांत चार वर्तमानपत्रांची कात्रणं हजर! एकात तर त्याची मुलाखत होती. मी निमूट उतरले. शीळफाट्यावरच्या वाहतूक कोंडीवर लेख आला, त्याला सतरा संदर्भ निघाले. तिथून बाहेर पडायला मला आठवडा लागला, पण तेवढा तिथे सगळ्यांनाच लागतो.

मला सगळ्यात जास्त वापरलं ऋतिकाने. ती मानपाड्याची, वय सव्वीस, एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. आठवडाभर ती बाटल्यांतले रंग तपासते आणि सुट्टीच्या दिवशी लेख. ज्ञानकोशात ती प्रचालक होती, म्हणजे लेख काढून टाकायचं बटण तिच्या हातात होतं. ओळखपाळख तिला चालायची नाही. एकदा तिने स्वतःच्या शाळेच्या लेखावर मला लावलं आणि शांतपणे चहा प्यायली. अशी मालकीण मिळाल्याचा मला अभिमान होता. होता, असं म्हणते. पुढचं ऐका.

गेल्या जानेवारीत एका रविवारी दुपारी एक लेख आला, 'सखुबाई, धवलारीण'. लिहिणारी समृद्धी, सखुबाईंची नात, कल्याणला कॉलेजात शिकणारी. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि ती सगळी तिला तोंडपाठ. ती गायला बसल्याशिवाय हळद लागत नाही. सखुबाई शीळफाट्याजवळच्या एका गावात राहतात, ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यांनी शेकडो लग्नं गाऊन लावली, असं लेखात होतं. शेवटी एक ओळ, 'संदर्भ: आजी'.

अकरा मिनिटांत ऋतिकाने मला लावलं. मी नेहमीसारखी ताठ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समृद्धीने तो लेख आजीला दाखवायला फोनवर उघडला. समोर एक म्हातारी सुपात सुकट निवडत बसली होती. कपाळावर मोठं कुंकू, हात खारे.

"आजे, तुझ्यावर लिहिलेलं नेटवर आलंय!"

"माझ्यावर? मी काय केलंय?"

समृद्धीने पडद्याकडे पाहिलं आणि तिला आधी मी दिसले. तिचा चेहरा असा झाला, जणू मांडवात कोणी लाइट घालवले. पण ती हुशार पोर. अंगठ्याने मला वर ढकलून तिने खालचं सगळं वाचून दाखवलं. सखुबाई सूप बाजूला ठेवून ऐकत होत्या. स्वतःचं नाव आलं की दर वेळी दचकत होत्या.

"आन त्या वर पिवल्या चौकटीत काय हाय?" त्यांनी विचारलं. "तो तू वाचलास नाय."

समृद्धीने ओढणी सारखी केली. मला तर तोंडच नाही.

"ते ना... लग्नाच्या पत्रिकेवर वरती देवाचं नाव असतं बघ. तसंच."

"हां! मंग बरोबर. देवाचं नाव घेतल्याबिगर कोन सुरू करल?"

त्यांनी हात पदराला पुसले, माझ्यावर बोट टेकवलं आणि ते कपाळाला लावलं. आता माझी सवय अशी, की माझ्यावर बोट टेकलं की नियमांचं पान उघडतं. उघडलं. 'उल्लेखनीयतेचे निकष, भाग एक'. समृद्धीने घाईघाईने फोन उलटा केला.

"बाय, याचा कागद मिलंल?" सखुबाई म्हणाल्या. "भिंतीला लावाया."

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपण करड्या रंगाची असायला हवं होतं.

मग धावपळ सुरू झाली. समृद्धीने गावभर फिरून सेहेचाळीस लग्नपत्रिका गोळा केल्या आणि त्यांचे फोटो चर्चापानावर टाकले. ऋतिकाने एकेक तपासली, बाटल्या तपासते तशी. पत्रिकांवर आजोबा होते, पणजोबा होते, दीड वर्षांची बाळं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून होती. बँजो पार्टीचं नाव होतं, मंडपवाल्याचं होतं. एका पत्रिकेवर बैल तुफानची विशेष उपस्थिती होती. सखुबाई कुठेच नव्हत्या.

धम्मपालकाकांनी ऋतिकाला फोन केला. हे कल्याणचे, वाचनालयातून निवृत्त झालेले, ज्ञानकोशात माझ्याहूनही जुने. पान तिच्यासमोर उघडं होतं, म्हणून मीही ऐकलं.

"तीन दिवस जुने अंक चाळले गं. लग्नाच्या बातम्या आहेत. बत्तीस मान्यवर उपस्थित, असं नावानिशी आहे. गाणारीचं नाव नाही. मी म्हणतो, आपण एकदा जाऊन भेटू या का? शीळफाटा काय चंद्रावर नाही."

"काका, आपण जाऊन बघायचं नसतं. आपण फक्त छापलेलं बघतो."

"तो नियम मीच लिहिलेला, मला माहितीये," काका म्हणाले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ऋतिकाची आई भाजीची पिशवी घेऊन तिच्या मागून जाताना पडद्यावरचं नाव वाचून थांबली.

"अगं, ही आपली सखुमावशी ना? हिचं काय आलंय?"

"तू ओळखतेस?"

"ओळखतेस काय विचारतेस? माझ्या लग्नात गायली ती. मी रडत नव्हते म्हणून सगळ्या बायका मला चिमटे काढत होत्या. हिने धवला उचलला आणि मी अशी रडले की तुझे बाबा घाबरून उठायला लागलेले."

"आई, तू संदर्भ नाहीस."

"मी काय नाही?"

"संदर्भ. तू प्रत्यक्ष पाहिलंस, ते चालत नाही. छापील पाहिजे. नाहीतर रेकॉर्डिंग."

"कॅसेट आहे की!"

लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेली सीडी कपाटातून निघाली. त्यात सखुबाई होत्या! पन्नाशीतल्या, बायकांच्या मधोमध बसलेल्या, तोंड उघडं, डोळे मिटलेले. पण व्हिडिओ शूटिंगवाल्याने आवाज काढून वर सिनेमाचं गाणं टाकलं होतं. सखुबाई गात होत्या आणि ऐकू येत होता कोणी भलताच पुरुष.

ऋतिकाने तो तुकडा तीनदा पाहिला. मग लॅपटॉपकडे वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काढते मला. तिने टाइप केलं, 'विषयाशी वैयक्तिक ओळख निघाल्यामुळे मी मत देत नाही.' नियमात बसणारं वाक्य. आई मागे उभी राहून, ओढावी का म्हणून तिची वेणी बघत होती.

सातवा दिवस पुन्हा रविवार. संदर्भ एकही नाही. बटण दाबायला दुसरं कोणी पुढे येईना.

"नको ना दाबू," आई म्हणाली.

"आणि उद्या तो दंडवाला विचारेल, माझ्या दंडाने काय घोडं मारलेलं? त्याला काय सांगू? सगळ्यांना एकच नियम ना, आई?"

 मी काय बोलणार, मी त्याच नियमाची पाटी. ऋतिकाने डोळे मिटले आणि बटण दाबलं. सखुबाई गेल्या. ज्ञानकोशातून म्हणते मी. बैल आहे. कोंडी आहे. त्या गेल्या.

लेख गेला की मीही जाते, अशी माझी रीत. पण या वेळी मी एका ठिकाणी शिल्लक राहिले होते. समृद्धीने त्या आठवड्यातच आजीसाठी पानाची रंगीत प्रिंट काढली होती, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून. सगळं पान, वर मी. मला कापून टाकता आलं असतं. पण आजीने देवाचं नाव आहे ना, असं विचारून घेतलं होतं.

पंधरा दिवसांनी ऋतिकाच्या मामेभावाचं, प्रितमचं लग्न ठरलं. आई तिला घेऊन सखुबाईंच्या दारात आली. दार उघडंच होतं. मी भिंतीवर, फ्रिजच्या शेजारी, खिळ्याला होते. बाहेर आई सांगत होती ते मला ऐकू आलं.

"धवलारणीला पत्रिका देत नाहीत. घरी येऊन सुपारी ठेवायची, मग ती येते."

"म्हणून पत्रिकेवर नाव नसतं तिचं?"

"घरच्या बाईचं नाव कोण छापतं? चुलीचं छापतात का?"

ऋतिका आत आली आणि तिने मला पाहिलं. माझ्यावर हळद होती, कुंकू होतं, वर झेंडूचं फूल खोचलेलं होतं. रोज सकाळी अंघोळ झाली की सखुबाई देवांना लावतात, मग मला लावतात. शंकेला. उद्गारचिन्हाला.

"पाया पड बाय," सखुबाई कौतुकाने म्हणाल्या. "आधी त्याच्या, मंग माझ्या. माझं छापून आलंय ना! ह्यो वर देव हाय."

समृद्धी चहाचा ट्रे घेऊन आतून आली होती. "ही माझी ऋतिका, मानपाड्याची," आईने ओळख करून दिली, तशी समृद्धी ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबली. चर्चापानावरचं नाव तिला पाठ होतं.  तिने फक्त मान हलवली, लेख गेल्याचं आजीला नको सांगूस म्हणून.

ऋतिकाने हात जोडले आणि स्वतःच लावलेल्या पाटीसमोर डोकं टेकवलं. मी हजारो चेहरे वाचले आहेत, चिडलेले, रडवेले, डाव्या दंडाचे. इतक्या जवळून असा चेहरा वाचला नव्हता. मला खिळ्यावरून खाली पडावंसं वाटलं. लॅमिनेशन असल्यामुळे फाटताही येईना.

मग ती उठली, सखुबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, पहिला धवला सांगाल? लिहून घेते."

"लिवून काय करशील? तुझं लगीन हाय का?"

"नाही."

"मंग घाई कसली? चाय पी आधी."

आता ती दर रविवारी येते. माझ्याखाली वही घेऊन बसते. सखुबाई गातात, मध्येच दम लागतो, मग पाणी पितात आणि समृद्धीला दम देतात. तेहतीस धवले झालेत. धम्मपालकाका छापायचं बघणार आहेत. लेख मात्र ऋतिकाने लिहिलेला ऋतिकालाच चालणार नाही. कोणीतरी परका ते पुस्तक वाचेल, तो लेख लिहील, आणि कदाचित त्याच्या लेखावर मी लागणार नाही. तोवर सखुबाई असतील की नाही, हे कोणत्याच निकषात लिहिलेलं नाही.

मित्रांनो, मला लावूच नका असं मी म्हणत नाही. दंड फार आहेत जगात. पण मला लावण्याआधी एकदा त्या दारापर्यंत जाऊन या, आणि तुमच्या गल्लीत कोणी गात असेल, विणत असेल, काही सांगत असेल, तर त्याचं नाव कुठेतरी छापून ठेवा. आमच्यासारख्यांना छापील लागतं. आम्हाला ऐकू येत असूनही.

आणि एक विनंती. माझ्यासारखे जुने जीव शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, स्वच्छ ठेवा. माझं उलट आहे. रोजच्या हळदीकुंकवाने माझी पहिली ओळ आता जवळजवळ बुजली आहे. दुसरीचेही 'सात दिवसांत' एवढेच शब्द दिसतात. त्या घरी गेलात, तर कृपा करून मला पुसू नका.