पाण्याचा उसासा

जलतज्ज्ञांची जागतिक परिषद शहरात भरायची ठरली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त धावपळ सुनेची झाली. ती दुभाषी होती. शहरात वर्षाला दहा-बारा परिषदा होत. पाहुणे सकाळी भाषणं ऐकत, दुपारी जुना तट, घुमट आणि दगडी चौक बघत हिंडत. त्यांच्या कानातल्या यंत्रातून बोलणारा आवाज बहुतेक वेळा तिचाच असे. सासरे, म्हणजे आबा, चाळीस वर्षं शहराच्या जुन्या भुयारी नळांची देखभाल करून निवृत्त झाले होते. दोघांचं बरं जमे, पण बोलणं चहा-औषधांपलीकडे फारसं जात नसे.

परिषद होती जुन्या धान्यकोठारात. हातभर जाडीच्या भिंती, उंच कमानी आणि एवढ्या मोठ्या दालनात मधे एकही खांब नाही. आत येणारा प्रत्येक जण आधी मान वर करून छताकडे बघे, मग खुर्ची शोधे. दुसऱ्या दिवशी, धरणं बांधण्यात हयात घालवलेल्या एका पाहुण्या बाईंनी विचारलं, की चौकातलं कारंजं नदीपेक्षा कितीतरी उंचावर आहे, पंप कुठे दिसत नाही, मग चारशे वर्षं पाणी येतं कसं? व्यासपीठावरचा नगर अभियंता प्रामाणिक माणूस. नकाशे आपल्याकडे आहेत, पण ते नळ खरे कळतात एकाच माणसाला, असं त्याने सांगून टाकलं आणि आबांना आणायला गाडी पाठवली.

दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत बसलेल्या सुनेला आबा दारातून येताना दिसले. अंगात घरातलाच चुरगळलेला सदरा, हातात लोखंडी टोकाची काठी. मुलखाचे मितभाषी, दोन वाक्यांत आटपतील आणि हसं होईल, असं तिला वाटलं.

आबांनी मात्र संथपणे सुरुवात केली. पाणी नदीचं नाहीच, मागच्या डोंगरातल्या झऱ्याचं आहे. शंभर पावलांना बोटभर उतार. जास्त दिला तर पाणी उधळतं, कमी दिला तर गाळ धरतं. सून भराभर भाषांतर करत होती. मग ते म्हणाले, "आणि वाटेत पाण्याला उसासा द्यावा लागतो."

तिने शब्दाला शब्द ठेवला आणि समोर तीनशे भुवया वर गेल्या. बारा वर्षांत ती कधी वाक्याच्या मध्यावर थांबली नव्हती. आज तिने कानावरचं यंत्र काढलं, खोलीबाहेर आली आणि सरळ व्यासपीठावर जाऊन विचारलं, "आबा, उसासा म्हणजे?"

"रोज ज्याला टेकून तू बसची वाट बघतेस ना, तो खांब," आबा म्हणाले. "आतून पोकळ आहे. पाणी त्यात वर चढतं, पोटातली हवा सोडतं आणि पुढे जातं. हवा कोंडली की नळ फुटलाच."

तिने ते त्यांच्या शेजारी उभं राहूनच सगळ्यांना सांगितलं. मग प्रश्नांची झड लागली. जेवणाची वेळ टळली तरी कोणी उठेना. असे अकरा उसासे शहरात आहेत, हे तिला तिथे कळलं. त्यातला एक खांब मागे रस्ता रुंद करताना पाडणार होते. आबांनी रस्त्याच्या कामावरच्या साहेबांना त्याला कान लावायला सांगितलं होतं. आत पाणी श्वास घेताना ऐकलं आणि साहेबांनी रस्ताच वळवला.

दुसऱ्या दिवशी आबा वीस पाहुण्यांना घेऊन भुयारात उतरले. सूनही गेली. विजेरीच्या उजेडात घडीव दगडांचे सांधे दिसत होते. त्यांत सुरी शिरली नसती. पाण्याला कसलाच आवाज नव्हता. धरणवाल्या बाईंनी भिंतीवर तळवा टेकला आणि बराच वेळ काढला नाही. "आम्ही मोठं बांधतो," त्या म्हणाल्या, "पण इतकं शांत नाही." सुनेने ते आबांना मराठीत सांगितलं. आबांचे कान लाल झाले.

परिषद संपली, पाहुणे गेले. आता दर गुरुवारी अभियंता वही घेऊन घरी येतो आणि सून आबांच्या कामातले शब्द अर्थासकट उतरवून घेते. बत्तीस झालेत. परवा पाण्याच्या ‘ढेकर’ या शब्दावर गाडी अडली. आबांनी दोन-तीनदा समजावून बघितलं, मग म्हणाले, "हा ऐकवावाच लागेल. उद्या सकाळी लवकर भुयाराकडे निघू."