धक्का झेलणारी उशी

मित्रांनो, उशी म्हटलं की तुम्हाला झोप आठवेल. पण माझ्यावर आजवर कुणी डोकं टेकलेलं नाही, आणि टेकलंच तर बंदुकीच्या दारूच्या धुराच्या वासाने त्याला शिंका येतील. मी आहे तळहातापेक्षा थोडी मोठी, जुनी, खांद्यावर बांधायची उशी. रायफल उडाली की तिचा दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, मागे येतो आणि खांद्यावर आदळतो. त्या दोघांच्या मधे राहून मार खायचा, हे माझं काम.

माझा जन्म लासुर्ण्याचा. जोतीराम आबांच्या उसात रानडुकरं शिरायला लागली, तेव्हा त्यांनी पीक राखायच्या परवान्यावर एक रायफल घेतली. तीनशे पंधरा बोरची, आणि दस्त्याच्या टोकाला लोखंडी पत्रा. पहिल्या दिवशी त्यांनी बांधावर उभं राहून निशाणाच्या डब्यावर तीन गोळ्या झाडल्या आणि हसत घरी आले. म्हणाले, "काय न्हाय, जरा हिसका बसतोय." दुसऱ्या दिवशी सदऱ्याची बाही चढवताना त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांच्या मंडळींनी, कुशाबाईंनी, सदरा खाली ओढून पाहिला, तर खांदा वांग्यासारखा जांभळा.

"ह्याला हिसका म्हणत्यात व्हय?" कुशाबाई म्हणाल्या. "म्हशीनं लाथ घातल्यावानी दिसतंय की!"

त्याच दुपारी त्यांनी मला शिवलं. आत ट्रॅक्टरच्या जुन्या सीटचा फोम, त्यावर लुगड्याचे चार पदर, बाहेरून मऊ चामड्याचा तुकडा आणि बांधायला दोन बंद. टाके गोधडीचे, म्हणजे हत्ती लावला तरी न उसवणारे. आबा आधी लाजले. पण मला बांधून पहिली गोळी झाडल्यावर त्यांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. एवढी मोठी शाबासकी मला पुन्हा कुणी दिली नाही.

खांद्याला चिकटून असल्यामुळे मला माणसाचं खोटं चटकन कळतं. आबांना मी असताना दोन गोळ्या सुखाने झेपत. तिसरीला मान आखडे. चौथीला तर चाप ओढण्याआधीच डोळा मिटून जाई आणि गोळी डुकराला सोडून शेजाऱ्याच्या मक्यात घुसे. थंडीत अंगावर जाड स्वेटर असला की थोडं बरं जाई. उभ्याने झाडली तर अंग मागे झुकतं आणि धक्का त्यात विरतो. आडवं पडून झाडली की सगळा मार एकट्या खांद्याच्या वाट्याला. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मार खाऊन कळलेलं आहे.

पाव्हणेरावळेही हौसेने एखादी गोळी झाडून बघत. निमगाव केतकीचे दत्तोबा म्हणजे तालमीतलं अंग, दंड असे की सदऱ्याची शिवण रडावी. त्यांनी मला बाजूला ठेवायला लावलं आणि एक गोळी झाडली. दुसरी भरू का, असं आबांनी विचारलं तर म्हणाले, "नगं, मला जरा बाजारला जायाचंय." त्या दिवशी बाजार नव्हता. उलट कारखान्यातला एक काटकुळा कारकून मला बांधून लागोपाठ तीन झाडून गेला आणि वर चहा पिऊन गेला. कुणाला किती सोसेल ते अंगावरून कळत नाही. आणि 'लागलं का?' असं विचारलं की दत्तोबा असोत की कारकून, उत्तर ठरलेलं, 'न्हाय.' हो म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

पुढे रानाभोवती झटका मशीनची, विजेचा झटका देणारी तार आली. डुकरं तारेला टेकून पळू लागली. आबांचंही वय झालं. रायफल कपाटात गेली आणि मी कपाटाशेजारच्या खुंटीला. माझ्यावर कोळिष्टकं धरली, तरी मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. मार थांबला याचं दुःख कोण करणार?

मित्रांनो, आता उत्कर्षाचं सांगते. ती आबांच्या मुलाची, इंद्रजितची लेक, चौदा वर्षांची. रोज सकाळी एसटीने भवानीनगरवरून बारामतीला शाळेत जायची आणि शाळा सुटली की नेमबाजीच्या क्लबात. तिथली रायफल हवेची. तिला धक्का नसतोच. 'टप्' असा आवाज येतो आणि काम संपतं. घरी आल्यावर ती सोप्यात सरळ उभी राहून काठीला पाण्याची बाटली बांधून धरायची, आणि आबा समोर बसून बघायचे. पोरगी इतकी स्थिर की तिच्या हातावर माशी बसून पंख पुसून जाई. तिला राज्याच्या संघात जायचं होतं. तिने वाढदिवसाला सायकल मागितली नाही, मोबाईल मागितला नाही, फक्त एवढं एकच मागितलं. दसऱ्याच्या आधी ती विभागात दुसरी आली आणि दिवाळीनंतरच्या निवडीला तिचं नाव लागलं.

खंडेनवमीला ट्रॅक्टर, कोयते, खुरपी यांच्या ओळीत रायफलही पूजेला बसली. गळ्यात झेंडूची माळ घालून मोठ्या तोऱ्यात. पूजा झाल्यावर इंद्रजितचा मित्र अविराज म्हणाला, "नेमबाज लेक आन आजोबाची रायफल! एक गोळी व्हायलाच पायजे. स्टेटसला टाकू."

परवाना आबांचा. पोरीच्या हातात रायफल देणंच मुळात चूक होतं. पण सणाच्या दिवशी चूक कोण मोजतं? इंद्रजितची छाती फुगली होती. आबांनाही बघायचं होतं, खोटं कशाला सांगू. मात्र निघताना त्यांनी खुंटीवरून मला काढलं, झटकलं आणि हातात घेतलं. खूप दिवसांनी कामाला निघाले होते मी.

कॅनॉलच्या भरावाशी डबा ठेवला. रायफल उत्कर्षाच्या हातात आली तशी आबांनी मला पुढे केलं.

"ही बांध गं आदी."

अविराज मोठ्याने हसला. "उशी? झोपायचंय का तिला? आबा, चॅम्पियन हाय ती, चॅम्पियन!" बाकीचेही हसले. इंद्रजितसुद्धा हसला.

उत्कर्षाचे कान लाल झाले. "नको आबा," ती म्हणाली, "मला न्हाय लागत."

आबांचा हात तसाच पुढे राहिला, मग हळूच मागे आला. त्यांनी मला कोपरीच्या खिशात कोंबलं. मी ओरडू शकत असते तर आख्ख्या लासुर्ण्याला ऐकू गेलं असतं.

तिने ती रायफल हवेच्या रायफलीसारखी धरली, खांद्याला नुसती टेकवून. दस्ता खांद्यात घट्ट रोवायचा असतो, नाहीतर तो लांबून येऊन आदळतो, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिला त्याची गरजच नव्हती. गोळी सुटली. ती दोन पावलं मागे गेली. आणि डबा उडाला! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पोरगीही हसली, डोळ्यांत पाणी होतं तरी हसली.

"आरं, रेकॉर्डच झालं न्हाय!" अविराज मोबाईल बघत म्हणाला. "बटणच दाबलं न्हाय मी. आणखी एक, उत्कर्षा, एकच."

तिने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "हाण की. तुला काय अवघड हाय?"

पहिल्या वेळी काय होणार ते तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी माहीत होतं. तिने दोन्ही डोळे मिटले, खांदा आधीच मागे ओढला आणि चाप हिसकला. गोळी भरावाच्या मातीत कुठेतरी गेली. दस्ता हाडावर बसला तो आवाज मला खिशात ऐकू आला. अविराजने ते चित्रण मिटवून टाकलं, नेम चुकला म्हणून.

घरी कुशाबाईंनी आंबेहळदीचा लेप लावला, विटेचा शेक दिला. विचारलं की पोरगी "काय न्हाय आजी" म्हणत होती. कुशाबाई आबांकडे वळल्या. "पोर न्हाय म्हणाया लाजली. तुमी हुता न्हवं तितं?" आबांनी मला खिशातून काढून पुन्हा खुंटीला टांगलं. डाग दिवाळीपर्यंत गेला. इंद्रजित म्हणाला, "बघ, झालं का न्हाय बरं?"

डाग गेला हे खरं होतं. पण बरं काहीच झालं नव्हतं.

कुशाबाईंनी मला उत्कर्षाच्या किटबॅगेत घातलं, म्हणून बारामतीच्या क्लबात काय झालं ते मी पाहिलं. ती उभी राही, श्वास सोडी, सगळं पूर्वीसारखं. आणि नेमक्या क्षणी पापणी मिटे, खांदा मागे जाई, नळीचं टोक उडे. 'टप्' होऊन जाई आणि छर्रा काळ्या गोलाच्या बाहेर. सुप्रिया मॅडम तिला शिकवत होत्या. त्यांनी चार-पाच दिवस पाहिलं, मग एकदा तिच्या नकळत छर्रा न घालताच रायफल तिच्या हातात दिली. तिने चाप ओढला. आत काहीच नव्हतं, तरी नळी तशीच उडाली. मॅडमनी रायफल काढून घेतली आणि तिला बाकावर बसवलं.

"कुणी मोठी रायफल उडवायला दिली होती का तुला?"

तिने मान हलवून हो म्हटलं.

"बाळा, हिला धक्का नाही. धक्का येणारच नाहीये."

"मला कळतंय, मॅडम," उत्कर्षा म्हणाली. "खांदा ऐकत न्हाय."

मॅडमनी तिला आठवडाभर सुट्टी दिली. डोळे बांधून चाप ओढायला लावला. नुसत्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं. एखादा दिवस बरा जाई, मग पुन्हा तेच. निवडीच्या दिवशी पुण्याला तिने मला हळूच जॅकेटच्या आत खांद्यावर सरकवलं. तपासणीच्या बाईंनी मला बाहेर काढलं. "हे चालत नाही," असं म्हणून त्यांनी मला बाकावर ठेवलं. मला राग आला नाही. मी आत असते तरी काय करणार होते? येणारा धक्का मी झेलते. न येणाऱ्या धक्क्याला आडवी कुठे पडू?

निकालाच्या यादीत तिच्या मागे दोघीच होत्या. एवढंच सांगते.

संध्याकाळी पुण्याहून परतताना बारामतीच्या स्टँडवर बापलेक गाडीची वाट बघत बसले होते. मी बॅगेच्या उघड्या तोंडातून बघत होते. इंद्रजित बराच वेळ पायाने खडा घोळवत बसला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी परत घालू नाव. एका गोळीनं काय हुतंय?"

"नको, पप्पा."

"आगं, तू वाघीण हायस माझी," असं म्हणत त्याने मायेने तिच्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला.

हात अजून तिला लागलाही नव्हता. तिचे डोळे मिटले आणि खांदा मागे गेला.

इंद्रजितचा हात तिथेच थांबला. त्याने तो बघितला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता, आणि खाली घेऊन खिशात घातला. त्याला तेव्हा सगळं कळलं, पण कळून उपयोग नव्हता. क्लबातून मॅडमचे फोन येत राहिले, मग तेही थांबले. सरावाची काठी परड्यात गेली. उत्कर्षा शाळेत जाते, येते, अभ्यास करते. आबा सोप्यात त्याच जागी बसतात, पण समोर बघायला आता कुणी उभं नसतं.

मित्रांनो, माझं ऐकून कुणी शहाणं होईल अशी आशा मला फारशी नाही. टाळ्या वाजत असताना एका चिंधीच्या उशीचं कोण ऐकतं? तरी सांगते. कुणाच्याही खांद्यावर काही ठेवण्याआधी त्याला विचारा, 'सोसंल का?' तो लाजून 'हो' म्हणेल, तर पुन्हा एकदा विचारा. आणि तो 'नाही' म्हणाला, तर कृपा करून हसू नका.