चार लाख बारा हजार सहाशे

बँकेची बाकी किती राहिली ते दयाराममामाला मीच सांगितलं. त्याने सहज विचारलं आणि मी स्टेटमेंट न बघता उत्तर दिलं: चार लाख बारा हजार सहाशे. आकडा पाठ होता. तो सांगताना मला जरा बरंही वाटलं होतं.

आमचा वन-बीएचके पनवेलजवळच्या कोन गावाच्या बाजूला आहे. २०१५ साली बाबांनी एका सहकारी बँकेकडून सोळा लाखांचं कर्ज काढून तो घेतला. मुदत वीस वर्षं, हप्ता चौदा हजार नऊशे चौदा. बाबा एका कंटेनर यार्डात वजनकाट्यावर असतात. ट्रेलर काट्यावर चढतो, वजन लिहायचं, पावती फाडायची, पुढचा ट्रेलर. यार्डातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की हप्त्यावर थोडं थोडं जास्त भरत राहिलं की कर्ज लवकर संपतं. म्हणून पहिल्याच महिन्यापासून त्यांनी पाचशे रुपये जादा भरायला सुरुवात केली.

ते खरं आहे, पण ते आपोआप होत नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना मी कुतूहल म्हणून बँकेचा उतारा घेऊन बसले आणि लक्षात आलं की तीन वर्षांचे ते पाचशे-पाचशे मुद्दलातून वजा झालेलेच नाहीत. बँकेने ते ‘आगाऊ जमा’ म्हणून वेगळे ठेवले होते. अठरा हजार रुपये नुसते पडून होते. चूक बँकेची नव्हती. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो आणि बाबांनी तो दिला नव्हता. तेव्हापासून दर महिन्याच्या सात तारखेला मी दोन प्रतींत अर्ज लिहिते: जादा भरलेली रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता आहे तोच ठेवावा, मुदत कमी करावी. पनवेलच्या शाखेतला क्लार्क आता तो वाचत नाही, शिक्का मारून एक प्रत परत देतो.

पहिल्या महिन्यातच मुद्दलात गेलेले पाचशे रुपये, व्याज साडेनऊ टक्के धरलं तर, वीस वर्षांच्या टोकाला तीन हजार तीनशे अठरा रुपयांचे हप्ते वाचवतात. हे मी आईला एकदा समजावून सांगितलं होतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि त्या आठवड्यापासून बाजारातून ताजी मासळी आणणं बंद केलं. सुकट, वाल, भेंडी. बाबांनी डबल ड्युटी घ्यायला सुरुवात केली. दिवाळीचा बोनस घरी न येता थेट बँकेत जायचा. जादा रक्कम पाचशेवरून अडीच हजारांवर गेली आणि मी तळोज्याच्या प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने तपासायला लागल्यावर सहा हजारांवर. तांदूळ विकत घ्यावा लागत नव्हता, कारण मामा दरवर्षी दिवाळीनंतर नेऱ्याहून, आईच्या माहेराहून, टेम्पोतून दोन पोती आणून जिन्याखाली उतरवायचा. माझ्या एक्सेलमध्ये ‘तांदूळ’ या ओळीपुढे दहा वर्षं शून्य आहे.

मामाने बाकी विचारली ती ऑगस्टमध्ये. दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, तो पुन्हा आला आणि खुर्चीत बसल्याबसल्याच म्हणाला की नेऱ्याच्या रस्त्याकडेच्या सोळा गुंठ्यांना गिऱ्हाईक आलंय. फार्महाऊसवाला आहे, गुंठ्याला तीन लाख देतोय. आजोबा गेल्यावर सातबारावर मामाचं आणि आईचं, अशी दोनच नावं लागली होती. आईने हक्कसोडपत्रावर सही केली की व्यवहार मोकळा.

बहिणीने हक्कसोड करणं ही आमच्याकडे विचारायची गोष्ट नाही, करायची गोष्ट आहे. भाऊ सांगतो, बहीण सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाते, फोटो काढते, सही करते. मग भाऊ तिला साडी घेतो आणि घरी जेवण असतं. आईची आत्या गुणाबाई हिने तर अंगठा दिला होता. जी सही करत नाही तिला माहेर राहत नाही. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण अशा दोन बायका आईला माहीत होत्या आणि त्यांची नावं मी तिच्या तोंडून कधी चांगल्या संदर्भात ऐकलेली नाहीत.

मामा मात्र साडीवर थांबला नाही.

“दमे, तुझं लोन किती रायलंय ते पोरीनं सांगितलंय मना,” तो आईला म्हणाला. “तेवढं मी भरतो. तू सई कर, तुझं घर मोकलं.”

बाबा म्हणाले, “मेवण्या, साडीचा भाव लय वाढला रे.”

मामा हसला. बाबाही हसले. आईने चहा ओतला आणि विचार करून सांगते म्हणाली. मामाने गुरुवारी कागद घेऊन येतो असं सांगितलं.

तो गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि सप्टेंबरच्या ओळीत चार लाख बारा हजार सहाशे टाकले. खालच्या बावीस ओळी एकदम रिकाम्या झाल्या. सात वर्षं मी ज्या ओळीकडे बघत आले होते ती शेवटची ओळ वर सरकून कर्सरच्या खाली आली. मला काही तरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. प्रयोगात रंग बदलायचा तिथे बदलला नाही की आपण आधी द्रावण तपासतो, तसं मी सूत्र तपासलं. सूत्र बरोबर होतं.

मग मी आणखी एक गोष्ट करून बघितली, निव्वळ बघावं म्हणून. जादा रकमेचा सगळा रकाना शून्य केला. म्हणजे आम्ही दहा वर्षं हप्त्यापलीकडे एक रुपयाही भरला नसता, ताजी मासळी खाल्ली असती, बाबा रात्री घरी झोपले असते, तर आज बाकी किती असती? अकरा लाख बावन्न हजार.

मामाने अकरा लाख बावन्न हजार दिले असते का, ते मला माहीत नाही. कदाचित घासाघीस केली असती. पण आईच्या वाट्याचं माप म्हणून त्याने आमची बाकी धरली होती आणि ती आम्हीच खाली आणली होती. आम्ही जेवढं फेडत गेलो तेवढी आईची सही स्वस्त होत गेली होती. आणि तो स्वस्त झालेला भाव मी त्याला तोंडपाठ सांगितला होता.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिला तिन्ही आकडे सांगितले. तिचा वाटा चोवीस लाख. मामा देतोय ते चार लाख बारा हजार सहाशे. काटकसर केली नसती तर अकरा लाख बावन्न हजार.

तिने विचारलं, “आनि असंच भरत रायलो तर?”

“बावीस महिने.”

“बरं,” ती म्हणाली.

मी म्हटलं की मामाने माझ्यामुळे तो आकडा धरला. ती म्हणाली, त्याने विचारलं म्हणून तू सांगितलंस. त्यात राग नव्हता, माफीही नव्हती. मी म्हटलं, जो तांदूळ तू निवडतेयस तोही तुझ्याच अर्ध्या जमिनीतला आहे, त्याचे उपकार धरायचं कारण नाही.

“लगीन झाल्यापासून मी एक दिस पन लावनीला नाय गेले,” ती म्हणाली. “त्याचं पन गनित हाय काय तुझ्याकडं?”

नव्हतं. आजोबांच्या शेवटच्या सहा महिन्यांचा दवाखाना मामाने केला होता, तोही माझ्या शीटमध्ये नव्हता.

बाबांना पैसे घ्यावेत असं वाटत होतं. त्यांनी ते आईला एकदाच सांगितलं, बुधवारी, बूट काढताना. त्यांचा उजवा गुडघा गेलं वर्षभर सुजतो आणि काट्याच्या केबिनला सात पायऱ्या आहेत. जमीन तुझ्या बापाची आहे, तुझं तू ठरव, असं म्हणून मग ते म्हणाले की घेतलेस तर दसऱ्यापासून डबल ड्युटी सोडतो. आईने त्यांच्या गुडघ्याला तेल लावलं. मला वाटलं, ठरलं.

गुरुवारी मामा प्लास्टिकची फाईल घेऊन आला. आत टाईप केलेलं हक्कसोडपत्र होतं आणि त्यात ‘विनामोबदला’ असा शब्द होता. बँकेचे पैसे तो वेगळे भरणार होता, कागदावर न आणता. आईने मला ते मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. मग तिने ते माझ्याकडून घेतलं, घडीवर घडी नीट बसवली आणि फाईलमध्ये ठेवून फाईल मामाच्या बाजूला सरकवली.

“बावीस महिन्यांनी ये,” ती म्हणाली. “तवा आमची बाकी शून्य असंल. तवा माझा वाटा किती ते तू बोल. मंग सई करते.”

मामाला कळायला वेळ लागला. “गिराईक बावीस महिने थांबतंय काय?”

“नाय थांबला तर दुसरा येईल.”

“आईबापाला मी सांभाललं, दमे.”

“सांभाललंस. त्याचं काय कापायचं ते काप, मी ‘नाय’ बोलनार नाय. पन माझं कर्ज मधी घेऊ नको. ते आमचं आमी फेडतोय.”

मामाने बाबांकडे बघितलं. बाबा गुडघ्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होते. मामा उठला. दाराशी चपला घालताना तो मला म्हणाला की शिकलीस ते बरं झालं. टोमणा होता की नव्हता, मला ठरवता आलं नाही. त्याचा चहा तसाच राहिला. आईने तो बेसिनमध्ये ओतला आणि कप धुतला. त्या दिवशी घरात कोणीही मोठ्याने बोललं नाही आणि सगळे वेळेवर जेवले. बाबा रात्रपाळीला गेले.

नोव्हेंबरात मामाच्या मुलाचं, हृतिकचं, लग्न निघालं. आमच्याकडे आत्याला आमंत्रण द्यायला भाऊ स्वतः येतो. मामा आला नाही. पत्रिकेचा फोटो आईच्या फोनवर आला, खाली काही लिहिलेलं नव्हतं. बाबा म्हणाले, मी येत नाही. मला वाटलं आईही जाणार नाही. हळदीच्या दिवशी तीन वाजता ती तयार होऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, चल.

नेऱ्याला पोचलो तेव्हा मांडवात गाणी सुरू होती. घरच्या सगळ्या बायकांना मोरपिशी रंगाच्या एकसारख्या साड्या घेतल्या होत्या. आईसाठी घेतलेली नव्हती. ती तिच्या पिवळ्या साडीत त्यांच्यात उभी राहिली, त्यामुळे कुठूनही ओळखू येत होती. बायका तिच्याशी बोलल्या, पण थोडं थोडं. हृतिकला पाटावर बसवलं. पहिली हळद आत्याने लावायची असते. करवल्या इकडेतिकडे बघत राहिल्या, कोणी कोणाला पुढे जा म्हणेना.

आई पुढे गेली. मामीने हळदीचं ताट तिच्याकडे वळवलं. आईने हृतिकच्या पायांना लावली, गुडघ्यांना, खांद्यांना, मग दोन्ही गालांना. तो मान खाली घालून बसला होता, तिचा हात गालाला लागल्यावर त्याने वर बघितलं. मग बाकीच्या बायका पुढे सरसावल्या आणि आई मागे आली. तिची बोटं पिवळी झाली होती. ती पुसायला काही मिळेना म्हणून ती हात पुढे धरून उभी राहिली.

मामा मांडवाच्या खांबापाशी आचाऱ्याशी बोलत होता. आमच्या समोरून पुढे जाताना तो थांबला.

“जेवलीस काय?” त्याने विचारलं.

“नाय.”

“मंग जेव.”

एवढं बोलून तो पाण्याच्या टँकरकडे गेला. मी त्याच्या आवाजात राग आहे का, ते शोधत होते. मोजण्याइतकं त्यात काहीच नव्हतं.

आईने नळावर हात धुतले. आम्ही पंगतीत टोकाच्या दोन जागांवर बसलो. वाढपी दोनदा आला आणि आईने दोन्ही वेळा वाढून घेतलं.