शत्रूची वेळ दुपारी चार

"देशाचं संरक्षण शत्रूनं नाही, पगार आणि पेन्शननं पोखरलं आहे. सगळा पैसा माणसं पोसण्यात जातो, मग शस्त्रं घ्यायची कशातून?"

भंडाऱ्याच्या बँकेत भर रांगेत यादोरावांनी हे जाहीर केलं आणि नंबर आला म्हणून हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रानं ओळख दाखवली नाही. मग तर्जनी झाली, मधलं बोट झालं. अखेर डाव्या हाताच्या करंगळीवरून यादोराव जिवंत असल्याचं सिद्ध झालं आणि त्यांची पेन्शन पुढच्या नोव्हेंबरपर्यंत पक्की झाली.

यादोराव जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. शहापूरजवळ हायवेला लागून जो अठरा घरांचा लेआउट आहे, तिथं सगळे असेच. क्वार्टर सोडलं, प्लॉट घेतला, अंगणात शेवग्याचं झाड लावलं. निर्माणीत जाताना गेटवर काडीपेटी आणि मोबाईल जमा करायचा, पितळी बिल्ला घ्यायचा, ड्यूटी सुटेपर्यंत काही परत मागायचं नाही, हा नियम या मंडळींच्या हाडीमासी खिळला होता. यादोराव तर देवळात चपला काढल्यावर क्षणभर दोन्ही हात वर करून उभे राहत. पुजारीही आता त्यांचे खिसे चाचपल्यासारखं करून आत सोडत असे.

लेआउटच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष अर्थातच तेच. बैठक त्यांच्या ओसरीवर भरे. पायरीशी एक लाकडी पेटी होती. येणाऱ्यानं मोबाईल पेटीत टाकायचा, बिल्ला घ्यायचा आणि मग देशाबद्दल बोलायचं. पेटीची किल्ली नत्थूकडे असे.

नत्थू म्हणजे लेआउटचा चौकीदार. वय एकसष्ट. धानाच्या बांधीत वाकायला गुडघ्यांनी नकार दिल्यावर त्यानं ही नोकरी धरली होती आणि त्याचं घर तिच्यावरच चालत होतं. हातात काठी, गळ्यात शिटी. अलीकडे ती शिटी वाजत नसे, नुसती फुसफुसे. म्हाताऱ्याचा दम संपला, असा समितीनं निष्कर्ष काढला होता.

बँकेतून आल्याच्या संध्याकाळी यादोरावांनी समितीपुढं अंदाजपत्रक ठेवलं.

"आपल्या वर्गणीतले ऐंशी टक्के मनुष्यबळावर जातात," ते म्हणाले. "आधुनिकीकरणाला उरतं काय?"

"मनुष्यबळ म्हंजे कोन?" सुगतनं विचारलं. सुगत निर्माणीत सुरक्षा विभागात होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका नोंदवल्यामुळं त्याला साधं हो म्हणणं जमत नसे.

"नत्थू."

"एकटाच?"

"एकटा असला तरी मनुष्यबळच आहे."

पायरीवरून नत्थू म्हणाला, "साहेब, मले एक सांगाचं होतं."

"नंतर," यादोराव म्हणाले आणि कॅमेऱ्यांकडे वळले. सहा कॅमेरे. भंडाऱ्याचा दुकानदार धनंजय ते आठ दिवस वापरून पाहायला देणार होता. कोणी फिरकलं की मोबाईलवर फोटोसह सूचना. भोंगा मात्र वेगळा घ्यावा लागत होता.

"मोबाईल असताना भोंगा कायले पाह्यजे?" पुंडलिकराव म्हणाले. ते लेखा विभागातले होते आणि काही ना काही कापल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. भोंगा कापला गेला.

नत्थूनं विचारलं, "कॅमेरा पाहते, ठीक आहे. पाहून झाल्यावर काय करते?"

"मोबाईलवर कळवते."

"मंग?"

"मंग आमी येऊ ना धावत," पुंडलिकराव म्हणाले.

नत्थूनं तिघांच्या गुडघ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. ठरलं असं की आठव्या दिवशी सराव घ्यायचा. कॅमेऱ्यांनी शत्रू पकडला तर एक तारखेपासून नत्थूला रजा.

सरावासाठी शत्रू लागत होता. लेआउटला तसा तो नव्हता. शेवटी नत्थूलाच नेमलं, कारण रजा मिळणार म्हणून मोकळा तोच होता. रात्री समितीला झोप येते म्हणून शत्रूला दुपारी चारची वेळ दिली. त्यानं मागच्या बाजूनं शिरायचं, यादोरावांच्या नळाजवळचा पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याची घागर, उचलायचा आणि पाचच्या आत हायवे गाठायचा. ही योजना इतकी गुप्त होती की ती रुखमाबाईंनाही, म्हणजे खुद्द यादोरावांच्या बायकोलाही, सांगितली नव्हती.

"आन पकडला नाई गेलो तं?" नत्थूनं विचारलं.

"तर पाहू," यादोराव म्हणाले. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना नत्थूचा चेहरा दोनदा आठवला. धोरण म्हटलं की कोणाला तरी झळ बसतेच, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि कूस बदलली.

ठरल्या दिवशी पावणेचारला समिती जमली. नत्थू पेटीशी बसला होताच. त्यानं रीतीप्रमाणं तिघांचे मोबाईल घेतले, तीन बिल्ले दिले, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि "येतो जी" म्हणून शत्रू व्हायला निघून गेला. लढाईच्या आधी आपली दळणवळण यंत्रणा शत्रूच्या स्वाधीन करून त्याची पोच घेणारी ही बहुधा जगातली पहिलीच फौज असावी. पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. ड्यूटी होती, मोबाईल जमा होता, बिल्ला खिशात होता. छत्तीस वर्षं याहून वेगळं काही घडलं नव्हतं.

चार वाजून सात मिनिटांनी पेटी गुरगुरली.

"पेटीत घुं घुं होऊन राहिलं, गा," सुगत म्हणाला.

"सराव चालू असताना पेटी उघडत नाहीत," यादोराव म्हणाले. "लक्ष शत्रूवर ठेवा."

समितीनं शत्रूवर लक्ष ठेवलं. पेटी थांबली, पुन्हा गुरगुरली. मागच्या अंगणात रुखमाबाईंचा आवाज आला. कोणाला तरी त्या चिंच देत होत्या. पुंडलिकरावांना डुलकी लागली. पाच वाजले.

यादोराव उठून उभे राहिले. "सज्जनहो, कॅमेरे नुसते दिसले तरी शत्रूची हिंमत झाली नाही. यालाच जरब म्हणतात."

तेवढ्यात समोरच्या फाटकातून नत्थू आला. त्याच्या खांद्यावर गुंड होता आणि तो सोन्यासारखा लखलखत होता.

"हा एवढा चमकून कायले राहिला?" पुंडलिकराव जागे होत म्हणाले.

"बाईंनं पाह्यलं ना नेताना. म्हने, नेतच आहेस तं चिंचेनं घासून आन. हायवेच्या बोअरिंगवर घासला."

नत्थूनं गुंड ओसरीवर ठेवला, कुलूप काढलं आणि बिल्ले घेऊन मोबाईल परत दिले. यादोरावांच्या मोबाईलवर एकेचाळीस सूचना होत्या. प्रत्येकीत नत्थू होता. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर थांबून, हात जोडून उभा. शेवटच्या सहा फोटोंत खांद्यावर गुंड असल्यामुळं त्याला नमस्कार एका हातानं करावा लागला होता.

आतून रुखमाबाई आल्या. गुंड फिरवून पाहिला, "बुडाशी राह्यलं जरासं," म्हणाल्या आणि तो आत घेऊन गेल्या.

"कॅमेऱ्यानं तं पकडलं," सुगत म्हणाला. "आपनच नाई पकडलं. याची नोंद कशी कराची?"

यादोरावांनी घसा साफ केला. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं त्यांना वाटत होतं, पण ते समितीला सांगण्यासारखं नव्हतं.

"नोंद अशी करा," ते म्हणाले, "की संरक्षणाचा खरा कणा म्हणजे माणूस. माणसावरचा खर्च हा खर्च नसतोच, ती गुंतवणूक असते."

"पेन्शनबी?"

"पेन्शन तर सगळ्यात आधी."

"म्हंजे नत्थू राह्यते?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"राह्यते. कॅमेरे उद्या धनंजयला परत." मग नत्थूच्या फुसफुसणाऱ्या शिटीची आठवण होऊन ते हळूच म्हणाले, "तुझा दम कमी झाला असंल तं डॉक्टरले दाखवू, नत्थू. समिती खर्च करंल. मनुष्यबळाचं आधुनिकीकरण म्हणून."

"दमाले काई नाई झालं, साहेब," नत्थू म्हणाला. "आता सांगू का?"

"सांग."

नत्थूनं गळ्यातली शिटी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "इच्यातला दाना पडला जी, पोळ्यापासून. वीस रुपयाची नवी भेटते. भंडाऱ्याले जासान तं तेवढी एक घेऊन येजा."