न बोललेले दहा मण

"उचल, उचल... हां, बस्स!" मी हात वर केला आणि क्रेननं ते जुनं प्रेस मशीन कमरेएवढं उचलून सिमेंटच्या पायावर आणलं. माझा जावई शिवराज अर्धा मशीनखाली वाकून पायाचे बोल्ट बघत होता. वाळूजच्या कारखान्यातलं काम. जड मशिनं हलवणारे आम्ही खलाशी.

तेवढ्यात क्रेनचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं. बोटभरच, पण मला दिसलं. क्रेनला वजन पेलत नव्हतं.

मशीनचं वजन कुठं लिहिलेलंच नव्हतं. त्याच्यावरची पाटी गंजून गेलेली. सकाळी इंजिनिअर मेघा मॅडमनी विचारलं होतं, "सांडूकाका, अंदाजे किती असेल?" मी भोवती दोन फेऱ्या मारल्या, हातानं ठोकून पाहिलं आणि म्हणालो, "नव्वद मण." मण चाळीस किलोचा, म्हणजे तीन टन सहाशे. क्रेनचा दांडा एवढा लांब काढल्यावर ती तीन टन आठशे पेलते. मॅडम म्हणाल्या, चला, बसतंय.

अहो, पण आमच्या जुन्या टोळीची एक रीत होती. ओझ्यासमोर त्याचं पुरं वजन बोलायचं नाही, ऐकलं की ते रुसतं. म्हणून वीस मणांमागं दोन गाळायचे. पुंजाराम मुकादमानं शिकवलेलं. नव्वद म्हटलं की बाकीच्यांनी मनात शंभर धरायचे. टोळीतला आता मी एकटाच उरलोय, तरी तोंडातून सवयीनं नव्वदच गेलं. म्हणजे शंभर मण! चार टन! आणि खाली माझ्या रूपाचा नवरा.

ओरडलो तर ड्रायव्हर दचकून झटका देईल. नाही ओरडलो तर... देवा रे. एवढा मी कधीच भ्यालो नव्हतो.

"शिवराजराव," आवाज जमेल तेवढा साधा ठेवला, "या जरा भाईर."

"थांबा मामा, एकच बोल्ट ऱ्हायलाय."

"आधी या. रूपाचा फोन हाय!"

साफ खोटं बोललो. बायकोचं नाव ऐकून तो पहार टाकून बाहेर आला. तो लांब गेल्यावरच मी ड्रायव्हरला हातानं सांगितलं, हळू, खाली. मशीन टेकलं, चाकही टेकलं. पायाचे दोन बोल्ट मात्र वाकले.

"काका, का उतरवलं?" मॅडम धावत आल्या. "बोल्ट वाकले की!"

"मॅडम, वजन चुकीचं सांगितलं म्या. दहा मण बोललोच नाय."

सगळी रीत सांगितली. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. शिवराज पांढराफटक पडला होता.

"मला तरी सांगायचं व्हतं मामा. मी खाली व्हतो."



चार वाजता मोठी क्रेन आली. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, खरं वजन?"

मशीन माझ्यापासून तीन हातांवर होतं. "शंभर मण. चार टन," मी मोठ्यानं बोललो. मशीनसमोर असं आयुष्यात पहिल्यांदाच.

"इशारा तुम्हीच देताय ना?"

"नाय. जावई देतील."

इशाऱ्याची शिट्टी शिवराजच्या हातात दिली आणि सावलीत जाऊन बसलो. तिथून मोठ्या क्रेनच्या मागच्या चाकाकडं बघत राहिलो.