भोईवाड्यातली शून्यं

१९५८ च्या उन्हाळ्यात सुमेधा रोज गिरगावाहून परळला यायची. बी.एस्सी. झाल्यावर तिला एका डॉक्टरांकडे काम मिळालं होतं: कोणाला किती दुखतं हे प्रश्न विचारून मोजायचं. उकळता चहा हातावर सांडला तर? दारात बोट चेमटलं तर? असे वीस प्रश्न, उत्तर शून्य ते दहा.

गिरगावातल्या बायकांनी कागद घेऊन, एकेकट्या बसून आकडे भरले. परळच्या भोईवाड्यातल्या चाळीत लिहिता येणाऱ्या थोड्या, म्हणून तिथे सुमेधा मोठ्याने विचारी आणि स्वतः लिही. गिरणीत काम करणाऱ्या शेवंतीची पाळी आली, तेव्हा तिची सासू गंगुबाई समोरच तांदूळ निवडत बसली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घसा बसेतो ओरडणाऱ्या शेवंतीने सासूकडे पाहिलं आणि प्रत्येक प्रश्नाला हळूच शून्य सांगितलं.

"आमच्यात दुखन्याचं कवतिक नाय," गंगुबाई म्हणाली. "सहा बाळंतपणं झाली माझी. भिंतीपल्याड कुनाला पत्ता नाय लागला."

सुमेधा हसली आणि तिने वीस शून्यं लिहिली. चाळीस घरांतून तशीच आली. डॉक्टरांनी दोन्ही वस्त्यांचा तक्ता केला. त्याखालचं वाक्य सुमेधाचं होतं: परळच्या गिरणगावातल्या स्त्रियांना वेदना कमी जाणवते.

महिन्याभराने शेवंतीचा तळहात गिरणीत फाटला. गंगुबाई तिला त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन आली. बधिर करायच्या औषधाच्या दोनच कुप्या उरल्या होत्या. डॉक्टरांनी तक्ता पाहिला, हिला गरज नाही म्हणाले आणि पहिला टाका घातला. शेवंतीने पदर दातांत धरला. तिचा हात धरून उभ्या असलेल्या सुमेधाच्या मनगटात तिची नखं रुतली. आवाज आला नाही.

सुमेधाने गंगुबाईला बाहेरच्या बाकावर बसवलं, दार लावलं आणि शेवंतीला आकडा विचारला.

"दहाच्या वर काय आकडा हाय का, बाई?"

डॉक्टर म्हणाले, त्या तक्त्यावरचा निबंध छापायला गेलाय.

"तक्ता चुकलाय. मी चुकवलाय," सुमेधा म्हणाली आणि टाक्यांचं ताट उचलून बाजूला झाली. "आधी इंजेक्शन द्या."

त्यांनी कुपी फोडली.

संध्याकाळी घरी तिने छापखान्याला पत्र लिहून आपलं वाक्य मागे घेतलं. स्वयंपाकघरात वहिनी भाकऱ्या भाजत होती. गेल्या वर्षी ती मुकाट्याने बाळंत झाली होती. आईने ते शेजारणींना कौतुकाने सांगितलं, तेव्हा सुमेधानेही मान डोलावली होती. ते कुठे पत्र लिहून मागे घ्यायचं, हे तिला कळेना.